परोपकार आणि प्रमाण

दानधर्म हा विषय आपल्या घरांतून इतका परिचयाचा आहे की, त्याविषयी नवे काही सांगण्यासारखे उरले असेल असे सहसा कोणास वाटत नाही. दाराशी आलेला याचक विन्मुख जाऊ नये, ह्या शिकवणीतच आम्हां लोकांचे बालपण गेले. आमच्या आजोबांच्या काळी आठवड्याच्या सातही वारी आमच्या ओसरीवर कोणा ना कोणा गरीब विद्यार्थ्याचे पान मांडलेले असे, असे आम्ही वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. त्या वार लावून जेवणाऱ्या मुलांपैकी कोणी मामलेदार झाला, कोणी वैद्य झाला, आणि एकाने म्हणे म्हातारपणी येऊन आमच्या आजीच्या पायांवर डोके ठेवले. हा वार बहुधा आपल्याच ज्ञातीतील मुलांपुरता असे, हेही येथे सांगितलेच पाहिजे. कारण गावकुसाजवळच्या गरिबाच्या मुलासाठी असे पान मांडल्याचे आम्ही कोठे ऐकले नाही. परंतु त्या पद्धतीत एक गुण असा होता की, तो आज आपल्या हातून निसटला आहे. देणाऱ्यास घेणाऱ्याचे मुख दर आठवड्यास दिसत असे. मुलगा वाळला की भरला, अभ्यासात पुढे गेला की उनाडक्या करू लागला, हे वाढणाऱ्या माउलीस ताटावरच कळे. आजचे दान बँकेच्या चिठ्ठीने अथवा हातातील फोनवर बोट टेकवून होते, आणि ते कोठे पोचले, पोचून काय झाले, ह्याची वार्ता क्वचितच परत येते.

म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एक साधा प्रश्न मांडणार आहोत. हेतू शुद्ध असला म्हणजे फळ आपोआप शुद्ध येते काय? आणि येत नसेल, तर फळ पाहण्याची जबाबदारी कोणाची?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद सांगितले आहेत, हे सर्वांस ठाऊकच आहे. सात्त्विक दानाच्या लक्षणांत परतफेडीची अपेक्षा नसणे जितके महत्त्वाचे मानले आहे, तितकेच देश, काल आणि पात्र पाहून देणेही मानले आहे. आपण पहिल्या अटीवर पुष्कळ प्रवचने ऐकतो. दुसरीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक देश, काल व पात्र पाहणे म्हणजे डोळे उघडे ठेवून देणे होय. फळाची आसक्ती सोडावी असे शास्त्र सांगते. फळाकडे पाठ फिरवावी असे ते कोठेही सांगत नाही.

हा प्रश्न आमच्या घरी उपस्थित झाला तो एका साध्या निमित्ताने. आमच्या वडिलांच्या पुण्यतिथीस, जून महिन्यात, जवळच्या वस्तीतील मुलांस वह्या व कंपासपेट्या वाटण्याचा आमच्या एकत्र कुटुंबाचा परिपाठ आहे. गेल्या वर्षीच्या तयारीच्या वेळी आमच्या पुतण्याने गठ्ठे बांधता बांधता विचारले, "नाना, ह्या वह्या दिल्या नसत्या तर मुलांचे काय अडले असते, हे आपण कधी पाहिले आहे का?"

थोरल्या वहिनींस हे बोलणे मुळीच रुचले नाही. "अरे, ह्या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये म्हणतात, आणि तू तर खातेवही घेऊन बसलास! भावोजी, तुम्हीच सांगा ह्याला. मामंजींच्या नावाने देतो आपण. त्याचा का हिशेब मागायचा?"

आम्ही म्हणालो, "वहिनी, तो घेणाऱ्याचा हिशेब मागत नाही. देणाऱ्याचा मागतो आहे."

वहिनी त्या वेळी काही बोलल्या नाहीत. परंतु चार दिवसांनी त्यांनीच, आमच्याकडे भांड्यांस येणाऱ्या बाईंच्या मुलास, मागच्या वर्षीच्या वह्या घेऊन आम्हांकडे पाठविले. मुलगा सातवीत गेलेला. वह्या पाहून छत्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसास आनंद व्हावा असे अक्षर! फळ्यावरचे प्रत्येक वाक्य, समासासह, विरामचिन्हांसह, जसेच्या तसे उतरलेले. आम्ही सहज त्याच वहीतील चार ओळी त्यास वाचून दाखविण्यास सांगितले. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. मग आम्ही दुसरीचे पुस्तक पुढे केले. त्याने अक्षरे एकेक करून ओळखली, पण शब्द जुळेना. सहा वर्षे तो शाळेत अक्षरांची चित्रे काढीत होता. त्याची आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, दिवाळीनंतर त्याला गॅरेजात घालणार आहे. शिकून काय करायचं ते त्याला येतच नाही." ती रागावून बोलत नव्हती, बाजारात न मिळालेल्या जिनसेविषयी बोलावे तशी बोलत होती. वही कोरी नव्हती. ती पूर्ण भरलेली होती, आणि तरीही त्या मुलास तिचा उपयोग झाला नव्हता. ह्या मुलास कशाची गरज आहे, हे वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहून कळणारे नव्हते.

हा एकच मुलगा असा, असे कोणी समजू नये. भारतातील ग्रामीण मुलांची घरोघर जाऊन वाचनपरीक्षा घेणारी 'असर' नावाची पाहणी 2005 सालापासून होत आहे. पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांस दुसरीच्या पुस्तकातील उतारा धड वाचता येत नाही, हेच तिचे तात्पर्य थोड्याफार फरकाने वर्षानुवर्षे निघत आले आहे. मुले शाळेत आहेत, पट भरला आहे, पुस्तके व दुपारचे जेवण मिळत आहे. आणि तरीही विद्या त्यांच्या हाती लागत नाही.

आता केवळ सद्भावनेने केलेले कार्य कोठवर जाऊ शकते, ह्याचे एक उदाहरण सांगतो. ते दूरच्या अमेरिकेतील आहे. परंतु मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच असल्यामुळे आपणांसही ते विचार करावयास लावील.

बॉस्टन शहराच्या लगत केंब्रिज आणि समरव्हिल अशी दोन गावे आहेत. तेथे हार्वर्ड विद्यापीठातील अध्यापक डॉ. रिचर्ड कॅबट ह्यांनी गरीब वस्तीतील मुले पुढे गुन्हेगारीकडे वळू नयेत ह्यासाठी एक मोठी योजना आखली. 1939 साली ती सुरू झाली. काही मुले शिक्षकांच्या मते वांड होती, काही अगदी साधी होती. योजनेतील विशेष असा की, वय, घरची स्थिती, बुद्धी, स्वभाव ह्यांत एकमेकांशी जुळणाऱ्या मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या, आणि प्रत्येक जोडीतील कोणत्या मुलास साहाय्य द्यावयाचे हे नाणे उडवून ठरविण्यात आले. अशा रीतीने 506 मुलांपैकी 253 मुलांस साहाय्य मिळाले आणि 253 मुलांस मिळाले नाही. साहाय्य तरी किती! समुपदेशक महिन्यातून सुमारे दोनदा घरी येत. मुलांस शिकवीत, औषधपाणी पाहात, घरातील तंटे सोडवीत, उन्हाळ्यात त्यांस शिबिरास पाठवीत. हे सरासरीने पाच वर्षांहून अधिक काळ चालले, आणि 1945 साली योजना संपली. ह्याहून प्रेमळ उपक्रम कोणाच्या कल्पनेत येईल असे आम्हांस वाटत नाही.

पुढे तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड ह्या विदुषीने त्या मुलांचा, म्हणजे आता मध्यम वयाच्या पुरुषांचा, शोध घेतला. साहाय्य मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांनी सांगितले की, त्या योजनेने आमचे कल्याण केले. एवढ्यावरच कोणी थांबला असता, तर त्याने मोठ्या समाधानाने अहवाल लिहिला असता. परंतु बाईंच्या हाती दुसऱ्या निम्म्या मुलांचीही माहिती होती. ती शेजारी ठेवून पाहता असे दिसले की, साहाय्य मिळालेल्यांत एकाहून अधिक गुन्हे करणारे अधिक, मद्याच्या आहारी गेल्याची चिन्हे अधिक, मानसिक विकार अधिक, अकाली मृत्यू अधिक. एकाही बाबतीत त्यांची सरशी नव्हती. हे निष्कर्ष 1978 साली प्रसिद्ध झाले. असे का व्हावे, ह्याची चर्चा पुढे पुष्कळ झाली. ज्या मुलांस वारंवार शिबिरांस पाठविले त्यांचेच अधिक वाईट झाले, असे नंतरच्या छाननीत आढळले; वांड मुले एकत्र आणली असता ती एकमेकांस बिघडवितात, हे त्यावरचे एक स्पष्टीकरण आहे. कारण काही असो. पाच वर्षे प्रेमाने केलेल्या श्रमाचे फळ उलटे आले, आणि ज्यांचे उलटे झाले त्यांपैकीही बहुतेकांस ते चांगलेच झाले असे वाटत होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. घेणाऱ्याचे आभार म्हणजे दानाच्या सफलतेचा पुरावा नव्हे, हा तिचा बोध होय.

अशीच गत अमेरिकेतील दुसऱ्या एका प्रसिद्ध उपक्रमाची झाली. न्यू जर्सी संस्थानातील राहवे येथील तुरुंगात बिघडू लागलेल्या मुलांस नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून त्यांस दरडावावे, म्हणजे ती भिऊन सुधारतील, अशी ही कल्पना. त्यावर 1978 साली माहितीपट निघाला, त्यास ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि ठिकठिकाणी तिचे अनुकरण झाले. पुढे तुलनेच्या गटासह झालेल्या नऊ चाचण्या एकत्र पाहता, अशा भेटींस नेलेली मुले न नेलेल्यांपेक्षा अधिक गुन्हे करतात असेच निष्पन्न झाले. काहीच न करणे त्याहून बरे होते.

येथे आमच्यासारख्या, पाठशाळेत चार दिवस तर्कसंग्रह घोकलेल्या माणसास आपल्या शास्त्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फांदीवर कावळा बसला आणि त्याच क्षणी ताडाचे फळ पडले, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे मानणे, ह्यास आपले पंडित काकतालीय न्याय म्हणत आले. वह्या वाटल्या आणि मुलगा आठवीत गेला; तो वह्यांमुळे गेला की वर्ष सरले म्हणून गेला? ह्याचा निर्णय करण्याचा मार्गही आपल्याकडे सांगितलेला आहे, आणि त्याचे नाव अन्वयव्यतिरेक. कारण असता कार्य असते, हा अन्वय. कारण नसता कार्य नसते, हा व्यतिरेक. आपण परोपकार करताना नेहमी अन्वयच पाहतो. मदत दिलेल्या मुलाचे छायाचित्र अहवालात छापतो. मदत न मिळालेल्या तशाच मुलाचे काय झाले, हे कोणी पाहत नाही. नाणे उडवून अथवा चिठ्ठ्या टाकून दोन सारखे गट करणे आणि एकास आधी साहाय्य देणे, ह्यात आधुनिक संशोधकांनी केले आहे ते एवढेच की, व्यतिरेकासही पंक्तीत पान मांडले आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही. गरिबांची मुले म्हणजे काय प्रयोगशाळेतील उंदीर आहेत? अर्ध्यांस द्यावयाचे आणि अर्ध्यांस उपाशी ठेवून पाहावयाचे, हे माणुसकीस धरून आहे काय? आमचे उत्तर असे आहे. ज्या साहाय्याचा गुण निःसंशय आहे, त्याची अशी परीक्षा करणे पापच होय. भुकेल्यास अन्न देताना कोणी नाणे उडवू नये. परंतु ज्या उपायाचा गुण आपणांसच ठाऊक नाही, तो न परखता हजारो मुलांवर वापरणे हादेखील प्रयोगच आहे; फक्त त्याची नोंद ठेवलेली नसते. शिवाय बहुतेक वेळा द्रव्य सर्वांस पुरत नाहीच. अशा वेळी ओळखीपाळखीने निवड करण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकणे अधिक न्याय्य नव्हे काय? आणि एवढे केल्यावरही सर्वांस काही देता येते, हे आमच्या मुंबईतीलच एका उदाहरणावरून दिसेल.

मुंबईत 1990 नंतरच्या दशकात उदयास आलेल्या 'प्रथम' ह्या संस्थेने महापालिकेच्या शाळांतून 'बालसखी' नावाची योजना चालविली. त्याच वस्तीतील, शालान्त शिक्षण झालेली एखादी तरुणी नेमावयाची, तिला सुमारे दोन आठवडे शिक्षण द्यावयाचे, आणि तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास तिच्या हवाली करावयाची. तिने त्यांस त्यांच्या इयत्तेचे पुस्तक न शिकविता, त्यांस जे येत नाही तेथून, म्हणजे अक्षरे, शब्द, अंकओळख, साध्या बेरजा येथून, आरंभ करावयाचा. तिचे मानधन महिना 500 ते 750 रुपये. मुंबई व बडोदे येथे 2001 ते 2003 ह्या दोन शैक्षणिक वर्षांत ह्या योजनेची रीतसर परीक्षा झाली. काही शाळांस तिसरीसाठी बालसखी मिळाली आणि काहींस चौथीसाठी, हे चिठ्ठीच्याच पद्धतीने ठरले. त्यामुळे कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही, आणि एका शाळेतील तिसरीची तुलना दुसऱ्या शाळेतील तिसरीशी करता आली. अभिजित बॅनर्जी व एस्तेर ड्युफ्लो हे ह्या संशोधनातील चौघांपैकी दोघे; त्यांस 2019 साली मायकेल क्रेमर ह्यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जी ह्यांचा जन्म मुंबईचाच, आणि त्यांच्या मातोश्री मराठी, हे वाचकांस ठाऊक असेलच.

निकाल काय लागला? बालसखीच्या शाळांतील मुलांची प्रगती तुलनेच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक झाली, आणि सर्वांत तळाच्या मुलांस तिचा लाभ सर्वांत अधिक झाला. आमच्यासारख्या मास्तरास त्यातील पुढील गोष्ट विशेष वाटली. मागे पडलेली मुले बालसखीकडे गेल्याने मूळ वर्गातील गर्दी कमी झाली. तथापि तेथे उरलेल्या मुलांच्या गुणांत काही वाढ दिसली नाही. म्हणजे केवळ वर्ग लहान झाल्याने काही घडले नाही. मुलास जे येत नाही तेथून शिकविल्याने घडले. पदवीधर गुरुजींस जे साधले नाही ते वस्तीतील मुलीस साधले, असा ह्याचा अर्थ घेऊन कोणी गुरुजींस दूषण देऊ नये. इयत्तेचा अभ्यासक्रम मार्चच्या आत संपविण्याचे ओझे आम्हां मास्तरांच्या डोक्यावर असते. त्या मुलीच्या डोक्यावर ते नव्हते. ती मुलाकडे पाहू शकत होती. आम्हांस वेळापत्रकाकडे पाहावे लागते. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, योजना थांबल्यावर एक वर्षाने पाहता मिळालेल्या लाभाचा बराच भाग ओसरलेला होता. रोपास पाणी घालणे थांबविले तर ते कोमेजावे, तसेच हे.

वह्या-पुस्तके वाटणाऱ्या आम्हां कुटुंबांच्या दृष्टीने आफ्रिकेतील केनिया देशातील एक चाचणी बोधप्रद आहे. तेथे पश्चिम भागातील शाळांस पाठ्यपुस्तके फुकट देण्यात आली. सरासरी गुण वाढले नाहीत; लाभ झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांस. कारण पुस्तके इंग्रजीत होती, आणि इंग्रजी ही तेथील बहुतेक मुलांची तिसरी भाषा. ज्यास वाचता येते त्यास पुस्तक म्हणजे शिडी. ज्यास वाचता येत नाही त्यास ती भिंतीस टेकविलेली लाकडे. आमच्या ओसरीवर खाली मान घालून उभा राहिलेला तो मुलगा आणि केनियातील ती मुले ह्यांच्यात समुद्राचे अंतर असले तरी अडचण एकच आहे.

आणि सभा-संमेलनांवर श्रद्धा असणाऱ्यांनी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याकडे पाहावे. तेथे 2005-06 च्या सुमारास काही गावांतून पालकांच्या सभा भरवून शाळेची स्थिती व पालकांचे अधिकार समजावून सांगण्यात आले. चर्चा झाल्या, मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. ज्या गावांतून ह्याखेरीज तरुण स्वयंसेवकांस वाचन शिकविण्याची रीत सांगून वर्ग सुरू करण्यात आले, तेथे वर्गास आलेली मुले वाचू लागली. उपदेश आणि उपाय ह्यांतील भेद ह्याहून स्पष्ट कोठे दिसणार!

आपल्या महाराष्ट्राने तर ह्या बाबतीत जगास धडा दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने 1986 साली 'सर्च' ही संस्था स्थापन केली. तेथील गरीब घरांतून नवजात बालके मोठ्या संख्येने दगावत. इस्पितळ दूर, रस्ता नाही, आणि बाळंतिणीस घराबाहेर काढू नये अशी समजूत. त्यांनी गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांस बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून औषध देणे हे शिकविले, आणि त्या बाळाच्या घरी जाऊ लागल्या. 39 गावांत हे काम झाले, आणि 47 गावे तुलनेसाठी नोंदींत ठेवली गेली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत दर हजार जन्मांमागे सुमारे 60 नवजात बालके दगावत असता कामाच्या गावांत ती संख्या सुमारे 25 वर आली. 1999 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले, आणि 2011 साली भारत सरकारने आशा कार्यकर्तींच्या द्वारे नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याची योजना देशभर सुरू केली. विचार करा, तुलनेच्या गावांची नोंद ठेवली नसती, तर ह्या कार्यास एका जिल्ह्यातील पुण्यकर्म एवढेच स्थान राहिले असते. नोंद होती म्हणून ते देशाचे धोरण झाले. मोजणीने करुणा आटत नाही. ती दूरवर पोचते.

तथापि एका ठिकाणी सिद्ध झालेले सर्वत्र सिद्ध झाले असे मानणे हाही प्रमादच होय. न्यूयॉर्क संस्थानातील एल्मायरा येथे 1977 पासून डेव्हिड ओल्ड्स ह्यांनी पहिलटकरीण गरीब मातांच्या घरी परिचारिका पाठविण्याचा उपक्रम केला. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत त्या जात. पंधरा वर्षांनी पाहता अशा घरांतून मुलांची हेळसांड व मारहाण कमी झालेली आढळली. हाच उपक्रम इंग्लंडने उचलला. परंतु तेथे सुमारे 1600 तरुण मातांवर झालेल्या चाचणीत ज्या मुख्य लाभांची अपेक्षा होती ते दिसले नाहीत, असे 2016 साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडात सुईणी व आरोग्यसेविका सर्वच मातांकडे आधीपासून जात असतात, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. जेथे विहीर नव्हती तेथे खणलेली विहीर आणि नदीकाठी खणलेली विहीर ह्यांचे मोल सारखे कसे असेल? देश, काल आणि पात्र हे तीन शब्द गीतेने उगाच योजलेले नाहीत.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की, मास्तर आता वात्सल्यदेखील तराजूत घालू लागले. तसे नाही. ज्या ज्या गोष्टी मोजता येत नाहीत त्या नाहीतच, असे आमचे म्हणणे नाही. परीक्षेचे गुण वाढविण्याच्या नादात मुलाचे हसू गेले, तर तो सौदा तोट्याचा. शिवाय लहान कार्य करणाऱ्या प्रत्येकाने शेकडो गावांत चिठ्ठ्या टाकाव्यात असेही नाही. ते काम सरकारांचे व विद्यापीठांचे आहे. आपण गृहस्थांनी करावयाचे ते एवढेच की, झालेल्या चाचण्यांचे शहाणपण वापरावे, आणि आपल्या ओसरीपुरते डोळे उघडे ठेवावेत.

आमच्या घरी त्या जून महिन्यात विचारविनिमय होऊन असे ठरले की, वह्या द्याव्यात, कारण शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या वहीचा मुलास होणारा आनंद हाही खराच आहे. मात्र निधीचा मोठा भाग दुसऱ्या कामास लावावा. वस्तीतीलच बारावी झालेली एक मुलगी रोज सायंकाळी दीड तास ओसरीवर चौदा मुलांस वाचन शिकविते. तिला मानधन दिले जाते. फुकट श्रमाची अपेक्षा धरलेली नाही. मुले इयत्तेप्रमाणे बसत नाहीत. अक्षर येणारी, शब्द येणारी, उतारा वाचणारी, गोष्ट वाचणारी, अशी चार बिछायतींवर बसतात. दर तीन महिन्यांनी वाचनाची परीक्षा होते, आणि ती शिकविणारी मुलगी घेत नाही, आम्हीही घेत नाही; थोरल्या वहिनी घेतात. त्यांच्या परीक्षेत कोणासही सवलत मिळत नाही, हे आमच्या घरातील सर्वांनी अनुभवलेले आहे. मुलगा गोष्ट वाचू लागला की त्यांच्या वहीत त्याच्या नावापुढे एक उभी रेघ पडते. हिशेब नको म्हणणाऱ्या वहिनींची वही आज घरातील सर्वांत चोख वही आहे.

मुले पुष्कळ पुढे गेली आहेत. भांड्यांस येणाऱ्या बाईंचा तो मुलगा बोट धरून का होईना, वर्तमानपत्रातील बातमी वाचतो, आणि गॅरेजाचा विषय तूर्त मागे पडला आहे. दोन मुले मात्र अजून शब्दांवरच अडलेली आहेत. एक मुलगी धाकट्या भावास सांभाळावयाचे म्हणून येईनाशी झाली. वहिनींच्या वहीत त्याचीही नोंद आहे. ह्यावरून आमची पद्धत सिद्ध झाली असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याकडे तुलनेचा गट नाही. वर्षभरात ही मुले एरवीही थोडी पुढे गेली असती. आम्ही एवढेच म्हणतो की, इतरत्र कसोटीस उतरलेली रीत आम्ही घेतली आहे, आणि ती येथे लागू पडते की नाही हे पाहत आहोत.

आपल्या घरांतून गणपतीस, दिवाळीस, आई-वडिलांच्या तिथीस काही ना काही दिले जाते, आणि ते द्यावेच. त्याआधी कुटुंबाने एकत्र बसून तीन गोष्टी विचाराव्यात, अशी आमची विनंती आहे. ज्यास देतो त्याची खरी अडचण कोणती, हे आपण त्यास विचारले आहे काय? ह्या अडचणीवर अन्यत्र कोणता उपाय लागू पडलेला आहे, आणि तेथील परिस्थिती आपल्यासारखी होती काय? आणि वर्षानंतर आपण कशावरून म्हणणार की लाभ झाला? ज्या संस्थेस आपण देणगी देता तिलाही हे प्रश्न आदराने विचारावेत. चांगली संस्था रागावणार नाही. ती आपली फसलेली कामेही उघडपणे सांगेल, आणि अशा संस्थेवर अधिक विश्वास ठेवावा.

गरिबास आपण देतो ते बहुधा आपल्या पानातील उरलेले असते. त्याच्या मुलाचे मात्र संपूर्ण बालपण त्यावर पणास लागलेले असते. ते बालपण एकदाच येते. म्हणून देताना हात जितका सैल असावा तितकीच दृष्टी तीक्ष्ण असावी, एवढेच आमचे सांगणे आहे.